कबरस्तानाची कमरेएवढी भिंत

शुक्रवार, संध्याकाळ

पोशीरच्या कबरस्तानाची जुनी दगडी भिंत एका बाजूने ढासळली. गुरं आत शिरतात, म्हणून माझे दीर सलीम म्हणाले, नवी बांधू, डोक्याहून उंच. तेव्हापासून मला चैन नाही. आमच्यात बायका आत जात नाहीत. हे गेल्यापासून मी त्या कमरेएवढ्या भिंतीबाहेर उभी राहूनच यांची कबर बघते. पण हे सांगायचं कसं?

आज चार माणसांसमोर बोलले. "भावजी, भिंत उंच झाली तर मला हे दिसणार नायत."

भावजींनी वाकून एक पडलेला दगड उचलला, जागेवर बसवला.

"होती तेवढीच ठेवू, भाभी."

घरी आले आणि यांच्यामागे पहिल्यांदाच मोठ्याने रडले.