टाका, पाणी!

ता. ४ मे
ती. बाबांना सा. न.

वसतिगृहात सुखरूप पोचले. प्रशिक्षणाचे दोन महिने बघता बघता सरतील, पण जीव कुत्र्यात अडकलाय. शिलाई मशिनखाली चिंध्यांत वाढलेला म्हणून त्याचं नाव टाका तुम्हीच ठेवलंत, तेव्हा सांभाळायचंही तुम्हीच. फिरायला ऊन चढायच्या आत न्या. रस्त्याला तळहात लावून बघा, चटका बसला तर माघारी फिरा. बाटली आणि पसरट वाटी बरोबर हवीच, दर कोपऱ्यावर थोडं थोडं पाजा. त्याची एक खोड आहे. माणूस आधी प्यायल्याशिवाय तो वाटीला तोंड लावत नाही.

लोभ टाक्यावर असू द्या, उरला तर माझ्यावर.
धाकटी

ता. ११ मे
चि. धाकटीस अ. आ.

तुझ्या कुत्र्यापायी माझं पोट डुचमळतंय. दर कोपऱ्यावर आधी मी, मग साहेब.

काल तर कहर झाला. महाशय पुढे पळाले म्हणून मी ओरडलो, "टाका, पाणी!" वर गच्चीत झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंना वाटलं, उन्हाने कावलेला म्हातारा गळ घालतोय. त्यांनी माणुसकीने अख्खी बादली ओतली. मी नखशिखान्त भिजलो आणि टाका माझ्याकडे ढुंकूनही न बघता डबकं लपालपा चाटत सुटला. मी कुठे आधी प्यायलो होतो?

कळावे, आणि खरं काय ते कळवावे.
बाबा

ता. १७ मे
ती. बाबांना सा. न., कान धरून.

पकडलंत. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही मशिनवरून चक्कर येऊन पडलात, तेव्हा सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मी म्हटलं की तुमचं ठरलेलं, एवढी बाही जोडतो मग पितो. माझं ऐकत नाही, निदान कुत्र्याचं ऐकाल असं वाटलं. इथे दुपार झाली की मी घड्याळाकडे बघत बसते.

रागवा, पण बाटली सोडू नका.
धाकटी

ता. २३ मे
चि. धाकटीस अ. आ.

रागावलो होतोच. या वयात पोटच्या पोरीने बनवावं! परवा मुद्दाम वाटी भरून टाक्यापुढे ठेवली आणि तोंड फिरवून उभा राहिलो. जीभ हातभर बाहेर, पण गडी वाटीला शिवेना. माझ्याकडेच बघत बसला. मी दोन घोट घेतले, तेव्हा कुठे त्याने तोंड घातलं. थाप तुझी, पण त्याने ती मनावर घेतली.

बाटली आता मशिनशेजारीच असते. तू निर्धास्तपणे शीक. लोभाची काळजी नको, पत्र मात्र इथेच आवरतो. टाका वाटीपुढे बसलाय, माझ्यासाठी खोळंबून.
बाबा