तयार आवाजावर बसलेली चाल

अप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुम्हाला काही तोंडानं सांगायचं धाडस मला होत नाही. म्हणून लिहिते आहे. मी लातूरला असते, शाळा चाकूरला आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते. तुम्ही गेलात तेव्हा मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

आधी भोकरची ती संध्याकाळ. मी अकरा वर्षांची आहे. विहाराच्या हॉलमध्ये तुमच्या गायन पार्टीची तालीम चालली आहे. तुम्ही कचेरीतून थेट आलेले, अंगात शिपायाचा खाकी शर्ट तसाच, पुढ्यात पेटी. त्या दिवशी नांदेडहून पहिल्यांदाच एक कीबोर्डवाला आला होता. सगळे चहाला बाहेर पडले आणि मी त्याच्या कीबोर्डची बटणं दाबत बसले. एका बटणावर घुंगरं वाजली, दुसऱ्यावर बासरी, आणि तिसऱ्यावर मी कधीच न ऐकलेला आवाज, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी गुणगुणावं तसा. त्या आवाजात माझ्या बोटांना तीन सूर सापडले. मी तेच तीन पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि तुम्ही मागं येऊन उभे होतात. तुम्ही ओरडला नाहीत. माझं मनगट धरून हात वर उचललात आणि म्हणालात, "दुसऱ्यानं बनवून ठेवलेल्या आवाजावर बोट ठेवायला काय लागतंय? चोरी हाय ही. आधी सोताच्या गळ्यात सूर आन." ढोलकीवाले काका दारातच होते, त्यांनीही ऐकलं. मी त्यानंतर कुठल्याच वाद्याला हात लावला नाही. शाळेत प्रार्थनेची पेटी माझ्याकडे आली तेव्हाही मला येत नाही म्हणून सांगितलं.

तुमची नात, माझी लेक, गेल्या वर्षी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा सिंथेसायझर घरी ठेवून गेली. एका दुपारी शाळेतून आल्यावर मी कडी लावली, हेडफोन घातले आणि त्याच्यासमोर बसले. शेजारी ऐकतील ही भीती होतीच, पण खरी भीती तुमची होती. त्यात कंपनीनं बनवून ठेवलेले शेकडो तयार आवाज आहेत, त्यांना प्रीसेट म्हणतात. मला तालासुरातलं काही कळत नाही, म्हणून मी रोज एकेक आवाज लावून नुसती ऐकायची. टुणकन वाजून विझणारा आवाज असला की बोटं घाईघाईनं पुढचा सूर शोधतात. एक आवाज मात्र पट्टी दाबल्याबरोबर येतच नाही, हळूहळू भरत जातो. त्याच्यावर घाई चालत नाही. थांबावं लागतं, आणि थांबलं की पुढचा सूर सुचतो. इथल्या लातूरच्या विहारातल्या एका निवृत्त अंगणवाडीताईंनी पौर्णिमेच्या कार्यक्रमासाठी गीत लिहिलं होतं. पेटीवाल्याची पोरगी म्हणून त्यांनी ते चाल लावायला माझ्याकडे दिलं होतं आणि मला नाही म्हणता आलं नव्हतं. त्या भरत जाणाऱ्या आवाजावर चार दिवसांत चाल बसली. आनंद व्हायच्या आधी मला तुमचा तो 'चोरी' शब्द आठवला. ही चाल माझी, की ज्यानं तो आवाज बनवला त्याची?

मशीनचं मी कुणाला बोलले नाही, बायकांना तोंडानंच गाऊन शिकवलं. कार्यक्रमाला तुमचे ढोलकीवाले काकाही आले होते, ते आता लातूरलाच मुलाकडे असतात. गाणं संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही चाल कुणाची?" खरं सांगायचं तर मशीनचंही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "अप्पांची." काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हाव. त्याचीच." बायकांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभरात ते गाणं भोकरला गेलं, तिथल्या पोरांनी तुमचा फोटो आणि नाव लावून रेकॉर्ड करायचं ठरवलं. भोकरचा फोन आला की मी उचलायचं टाळायला लागले. ही चाल मशीनच्या तयार आवाजावर बसली आहे हे कुणीतरी ओळखेल, आणि मेल्यानंतर तुमच्यावर चोरीचा आळ येईल, तोही माझ्यामुळं.

शेवटी एका रविवारी सकाळी मी काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. मशीनचंसुद्धा. ते खाटेवर बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मला म्हाईत होतं, पोरी. तुझ्या बापाला चाल कधी बांधता आलीच न्हाई. लई कोशिश केली त्यानं. मपल्यासमोर कितींदा पेटी बंद करून रडला. जन्मभर दुसऱ्याच्याच चाली वाजवल्या."

मी विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही हो का म्हणालात, काका?" ते म्हणाले, "तू आपली चाल देऊन राहिली होतीस त्याला. म्या कशाला आडवा येऊ?"

परत येताना रिक्षात मला हुंदका आवरेना. अकरा वर्षांच्या मुलीला तीन सूर सापडलेले बघून तुमच्या मनात काय झालं असेल, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. मी तुम्हाला घाबरत होते आणि तुम्ही कदाचित मला.

अंगणवाडीताईंनाही मी खरं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्या मटकी निवडत होत्या. म्हणाल्या, "मग मॅडम, तुमचं नाव घाला की, त्यात काय," आणि परत निवडायला लागल्या.

काल भोकरच्या पोरांना रेकॉर्डवर द्यायच्या नावांचा कागद पाठवायचा होता. त्यावर 'चाल' या शब्दापुढं तुमचं नाव लिहिलेलं होतं. ते मी खोडलं आणि माझं लिहिलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील, म्हणून कबूल करते. तुमचं नाव खोडताना मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही, अप्पा. बरं वाटलं. कालपासून मला स्वतःचीच भीती वाटते आहे.