घोडी वाळूत होती

९ मे १९९४, सोमवार

आज दुपारी आबा पाटील घरी येऊन माझे आभार मानून गेले. म्हणून ही वही काढली. निवृत्त झाल्यापासून रोजनिशी बंद होती.

ओसरीवर बसले, सुपारी कातरली, चहा घेतला. म्हणाले, "बाई, लय सबुरीनं घेतलंत. कुनावर न्हाई म्हनायची पाळीच आली न्हाई." उठताना हात जोडले. या माणसाने मला आजवर कधी हात जोडले नव्हते.

आले तेव्हा मी "बसा" म्हटलं, निघाले तेव्हा "या" म्हटलं. मधे एक शब्द नाही. हैदराबादला कॉलेजात असताना वादविवादाची ढाल मिळवली होती मी. बोलायला कधी घाबरले नाही, असं सगळ्यांना सांगत आले.

१० मे

मुलांना निबंध घालताना सांगायची, आधी काय घडलं ते क्रमाने लिहा, काय वाटलं ते मागून. तसंच करते.

चंद्री ही दादांची घोडी. थोरले भाऊ. ते गेल्यापासून घोडी आणि त्यांचा मुलगा विलास, दोघांचं मीच बघते. गावात कुणाचंही लग्न असो, वरातीला घोडी आमच्या घरची. भाडं नाही. एक नारळ आणि घोडीला ओंजळभर भिजवलेले हरभरे. लगाम धरून पुढे चालायला आमच्याच घरचं माणूस, नवरदेवाच्या दारापासून मोठ्या गल्लीने मारुतीपर्यंत. हे आजोबांपासूनचं. आमचं माणूस पुढे असलं की कोर्टात भांडणाऱ्या भावकीची वरातसुद्धा एकमेकांच्या दारावरून बिनबोभाट जाते. कुणी खडा मारत नाही.

दादा चालायचे. ते गेल्यावर मी चालू लागले. पहिल्या वेळी पोरं हसली. बाई प्रभातफेरी काढायल्यात, म्हणाली. नंतर सवय झाली त्यांना.

गावात कुणाचंही, असं वर लिहिलंय. ते खोटं आहे. नाल्यापलीकडे भीमनगर आहे, बौद्धांची वस्ती. तिकडे ही घोडी कधी गेली नाही. त्यांनी मागितली नाही. आम्ही विचारलं नाही.

११ मे

विलासचं.

गोव्याला एका हॉटेलात नोकरीला होता. परत आला तो काळा चष्मा आणि एक कल्पना घेऊन. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. उन्हाळ्यात गावाखालची नदी, आमची गंगा, आटते, पात्रात वाळू उघडी पडते, टरबुजाच्या वाड्या लागतात. तिथे दोन रंगीत छत्र्या रोवल्या. फळी रंगवली, "गंगा बीच. जीप व घोड्यावरून सफर." औरंगाबादच्या कारखान्यांतली साहेब मंडळी, गोव्याला जाणं परवडत नाही अशी, सेलूला रेल्वेतून उतरतात. तिथून जीप. पण रस्त्याने नाही. नांगरटीतून, ओढ्यातून, दरडीवरून थेट खाली पात्रात. बायका किंचाळतात. किंचाळायलाच आलेल्या असतात. मग पाण्याच्या कडेने चंद्रीवरून बेटातल्या महादेवापर्यंत, पाळीपाळीने. ज्याची पाळी नाही तो जीपमध्ये.

पारावर कुणी विचारलं म्हणे, "बीच म्हंजी काय रं?" दुसरा म्हणाला, "वाळूच हाय. छत्री लावली की बीच हुतो."

ऐकून मीही हसले. धंदा चालायला लागला तेव्हा मात्र बरं वाटलं. दादांचा मुलगा गावात राहील, असं वाटलं. घोडी थकून यायची. बांधल्या बांधल्या डोळे मिटायची. त्याकडे दुर्लक्ष केलं.

१२ मे

एप्रिलात सुनंदा आली. भीमनगरची, माझी विद्यार्थिनी, आता सेलूला नर्स. अठ्ठ्याहत्तरच्या त्या वाईट पावसाळ्यात, नामांतराच्या दंगलीत, ती चौथीत होती. वस्तीतल्या मुलांनी शाळेत येणं बंद केलं, तेव्हा मी नाला ओलांडून गेले आणि हाताला धरून तिला वर्गात आणून बसवलं. मोठेपणासाठी लिहीत नाही. तिने माझ्याकडेच का मागितलं, ते कळावं म्हणून.

मागणं असं. धाकटा भाऊ गौतम, त्याचं लग्न आठ मेला. त्यांना मुहूर्त लागत नाही, रविवार लागतो. वरात मोठ्या गल्लीने, घोडीवरून.

मी जरा कडकच विचारलं, तुला हे घोड्याबिड्याचं वेड कधीपासून? ती हसली.

"मला न्हाई बाई. गौतम तर म्हनतो, ही सरंजामी हौस कशाला. आईला पायजे. ती म्हनती, जानेवारीत विद्यापीठावर बाबासाहेबांचं नाव बघितलं, आता माझ्या दारात घोडी बघू द्या."

मी हो म्हटलं. लगेच. घोडीचे हरभरे भिजवायचे किती, तेही सांगितलं. सु. वाकून पाया पडायला लागली तेव्हा रागावले. गेल्या कित्येक दिवसांत एवढी खूश झाले नव्हते.

१३ मे

आता आठ तारीख.

आदल्या दिवशी आबांची माणसं विलासला भेटून गेली होती. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. सकाळी त्याने घोडीवर जीन चढवलं. औरंगाबादचं एक कुटुंब आलंय, आगाऊ ठरलेलं, टाळता येत नाही, म्हणाला. "आत्या, दुपारपर्यंत आनून बांधतो. नेऊ का?"

मी गहू निवडत होते. वाळूतली फेरी दुपारी संपत नाही. पाहुणे पाण्यात उतरतात, टरबूज खातात, परत एकदा घोड्यावर बसायचं म्हणतात. एकदाही तो वेळेवर आलेला नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. सुपातून मान वर न करता म्हटलं, "वेळेत ये."

दुपारी जीप पाण्याजवळच्या मऊ वाळूत रुतली. चाकं फिरवली तशी आणखी खाली गेली. विलासने दोर बांधून चंद्रीला जुंपलं. उभ्या जन्मात ओझं न ओढलेली घोडी. तिचा खांदा आखडला. परत आली तेव्हा दिवे लागले होते आणि ती पुढचा पाय टेकवत नव्हती. पाहुण्यांतली बाई जाताना म्हणाली म्हणे, फार मजा आली.

तोवर वरात निघून गेली होती. मोठ्या गल्लीने नाही. नाल्याच्या कडेने, मागच्या वाटेने, नवरदेव पायी. बँड लांबून ऐकू येत होता.

वि. ला विचारलं, मुद्दाम रुतवलीस? तो दुखावला. "आत्या, जीप माझी हाय का सरकारची, मुद्दाम रुतवायला?" खरं असावं. रुतवायची गरजच नव्हती. उशीर होणारच होता, आणि तेवढा पुरेसा होता. आबांना, वि. ला आणि

१५ मे

परवाचं वाक्य अर्धवट राहिलं. पुरं करते. आबांना, विलासला आणि मला.

शिवाय एक गोष्ट त्या नोंदीत गाळली. मुलांनी असं गाळलं असतं तर मी पान परत लिहायला लावलं असतं.

पाच वाजता सु. दारात आली होती. नवी साडी, गजरा, धावत आल्यामुळे दम लागलेला. "बाई, घोडी?" मी सांगितलं, घोडी वाळूत आहे, येईलच एवढ्यात. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. रिकाम्या दावणीकडे बघत उभी राहिली. बँडवाले थांबलेत, म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी आबांची माणसं खाटा टाकून बसलेली तिने येताना पाहिली होती. तेही सांगितलं. मग म्हणाली,

"घोडी ऱ्हाऊ द्या बाई. तुमी चला."

मी म्हटलं, "घोडी आली की येते."

ती "बरं" म्हणाली. गेली. फाटक लावून गेली, शाळेत शिकवलं होतं तसं.

मी पातळ बदलून तयार होते. चपला पायात होत्या. चालायला घोडी लागत नाही.

१७ मे

सगळं गाव माझ्याशी गोड वागतंय. पाटलांच्या सुनेने लोणच्याची बरणी पाठवली. परत पाठवली. दुकानात मला आधी माल देतात.

चंद्रीच्या खांद्याची सूज उतरायलाय. गुरांचे डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या, होईल बरी. मी शेकते. ती मान वळवून बघते आणि पुन्हा कडब्यात तोंड घालते. जनावराला काही वाटत नाही हे बरं.

वि. माझ्यासमोर जेवायला बसत नाही.

२० मे

आबांचा माणूस नारळ घेऊन आला. पुतण्याचं लग्न, घोडी पाहिजे, तोवर पाय बरा होईल ना? मी सांगितलं, ही घोडी यापुढे कुणाच्याच वरातीला जाणार नाही. तो हसला. थट्टा वाटली त्याला.

"बाई, तुमचा आमचा काय वाद हाय का?"

"नाही ना, म्हणूनच."

नारळ ओसरीवरच ठेवून गेला. वि. ने तो नंतर नेऊन दिला.

२२ मे

पात्रात उतरायची गाडीवाट पाटलांच्या रानातून जाते. आज सकाळी तिथे आडवा चर खणलेला. जीप खाली जाणं शक्य नाही. छत्र्या वाळूतच उभ्या आहेत. टरबूजवाले त्यांच्या सावलीत बसतात.

वि. बोलला अखेर. ओरडलाच. "तुमी आधी हो म्हनायचं, मंग गप बसायचं, आन आता सगळं झाल्यावर भांडायचं. धंदा माझा बसला." मी ऐकून घेतलं. एकही शब्द चूक नव्हता.

गोव्याचा जुना मित्र हीच सफर खऱ्या समुद्रावर चालवतो, जीप आणि घोडे. बोलावतोय. वि. जीप आणि चंद्री घेऊन जातो म्हणतो. परदेशी लोक असतात, घोडीला खायला चांगलं मिळेल. मी हो-नाही केलं नाही. आबांना हे कुणी तरी सांगितलंच असणार, कारण संध्याकाळी चर बुजवायची भाषा सुरू झाली. घोडीच नसली की पुन्हा कुणी मागायला नको, कुणाला नाही म्हणायला नको.

२५ मे

भीमनगरात गेले. अठ्ठ्याहत्तरनंतर पहिल्यांदा. नाल्यावर आता फरशी आहे, पाय भिजत नाहीत.

सु. रजेवर घरी होती. आईने सतरंजी टाकली, पाणी दिलं. गौतम उठून उभा राहिला, "बसा बाई" म्हणाला आणि बाहेर गेला. नवी सून दारातून बघत होती. मी वेळ न घालवता सांगितलं, विलास चंद्रीला गोव्याला नेतोय, त्याआधी तुम्ही ठेवून घ्या, मी लिहून देते.

सु. हसली. "चारा काय घालू तिला? इंजेक्शनं?"

मी म्हटलं, चारा मी देईन. तेव्हा तिचं हसू गेलं.

"बाई, तुमी घोडी देऊन मोकळ्या व्हायलाव. घोडी काय, पैशे टाकले तर परभणीहून बी येती. आमी लगाम धरनारं मानूस मागितलं हुतं."

आई म्हणाली, "जाऊ दे ना गं, सुनी. त्यांचं वय झालं. पानी दे त्यांना आनखी."

वय. मी दुसरा तांब्याही संपवला, तहान नसताना. माफी मागायची म्हणून गेले होते. ती तशीच घेऊन परत आले. तिथे मागितली असती तर त्या माउलीने लगेच दिली असती आणि मी पुन्हा मोकळी.

बसलेली असताना एक कळलं. गौतमच्या चुलतभावाचं, रमेशचं, लग्न पाच जूनला. वरात मोठ्या गल्लीनेच काढायची, घोडीशिवाय, पायी, काय व्हायचं ते होवो. आपापसात बोलत होते. माझ्याकडे बघून कुणी बोललं नाही. माझ्यापासून लपवलंही नाही.

२९ मे

आबांच्या पुतण्याची वरात झाली. घोडी सेलूहून भाड्याने आणली होती. पुढे कुणी चालत नव्हतं. माझ्या दारावरून गेली तेव्हा बँड थोडा वेळ थांबला. सवयीने असेल.

मी दार लावलं नाही. बाहेरही गेले नाही.

२ जून, गुरुवार

ट्रक आला. दरडीला लावून चंद्रीला चढवली. ती आधी अडली, मग आपणहून चढली. जीप विलास स्वतः चालवत नेणार.

निघताना पाया पडला. राग गेलेला दिसला. "आत्या, तुमीबी चला. समुद्र कुठं बघितलाय तुमी?"

मी म्हटलं, रविवारच्या आत शक्य नाही.

"रविवारी काय हाय?"

"रमेशची वरात. मोठ्या गल्लीने."

त्याने काळा चष्मा काढला. म्हणाला, "बोलावलंय का तुमाला?"

"नाही."

आज विलासच्या ताब्यात दिलं ते असं:
चंद्री, घोडी, खांदा बरा झालेला, चारी नाल नवे.
जीन आणि रिकीब.
खरारा, तिचं अंग घासायचा.
हरभऱ्याचं पोतं. कडबा, ट्रकात मावला तेवढा.
लगाम. हा इथेच ठेवावा का, असं त्याने विचारलं. दिला.