जाहीरनामा आणि मिरजेचं तिकीट

रविवार, २२ जुलै २०१८

पुन्हा तेच! "आई, जुईची परीक्षा होऊ दे, मग बघू." एवढं बोलून यशोधन गाडी धुवायला बाहेर गेला. न्यूझीलंडातल्या असल्या जुलैच्या थंडीत! आईसमोर बसायला नको म्हणून गाडी धुतो माझा मुलगा.

मी काय मागितलं होतं? दिवाळीला मिरजेला जाते म्हटलं. माझ्या स्वतःच्या घरी, आणि तिथंच राहते. दोन खोल्या, मागं न्हाणी, दारात कढीलिंब. आमचे मालक दवाखान्यात कंपाउंडर होते, पोटाला चिमटा घेऊन बांधलेलं घर आहे. धाकटी बहीण वासंती पलीकडच्या गल्लीतच असते, ती झाडलोट करून ठेवते. फोनवर म्हणते, "अक्का, घराला जाग नाही गं तुझ्या." ऐकलं की जेवण जात नाही.

२०११ ला मला इथं आणलं तेव्हा जुई दहाची होती. इथला कायदाच असा की चौदाच्या आतलं पोर घरात एकटं ठेवायचं नाही. आईबाप दोघं नोकरीला. मग आजी आणली — राखणीला! पोर चौदाची झाली, आता सतराची आहे. कायदा केव्हाच संपला आणि राखणदार तसाच. आधी जुईची पोहण्याची स्पर्धा, मग सुनेची, विनयाची नवी नोकरी, आता परीक्षा. मधे एकदा लग्नाला मिरजेला नेलं, तेव्हा माझ्या घरी एक रात्र झोपू दिलं नाही. यशोधनला उकडत होतं, म्हणून हॉटेल!

मी म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." आणि भांडी विसळली.

मंगळवार, २४ जुलै

पण जुई! माझी गुलाम ती! शाळेतून आली की बर्फासारखे पाय माझ्या मांडीखाली खुपसते. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. माझ्यासाठी मात्र अडखळत मराठी काढते, तेव्हा वाटतं गुळाचा खडाच विरघळतोय.

आज म्हणाली, "आजी, लिसन. मला हिस्ट्रीत व्हिएतनामचा जाहीरनामा आहे. त्याची भाषा कशी आणि पॉलिटिक्स काय, हे लिहायचंय."

म्हटलं, "अवोन्डेलच्या बाजारात कोथिंबीर विकते ती लान, तिचा देश ना?"

"येस! तिचाच."

मग पाय दाबून घेत तिनं सगळं सांगितलं. तिथं फ्रेंच राज्य करायचे. मग लढाईत जपानी घुसले. जपानी हरले, आणि फ्रेंच परत यायच्या आत हनोईच्या मैदानात त्यांचा पुढारी मंचावर चढला आणि वाचून दाखवलं — आम्ही स्वतंत्र. दोन सप्टेंबर, पंचेचाळीस साल. पुढाऱ्याचं नाव तिनं सांगितलं, माझ्या जिभेवर ते बसेना.

पण गंमत पुढंच. स्वतःच्या स्वातंत्र्याची सुरुवात कुणाच्या वाक्यानं? अमेरिकेच्या! सगळी माणसं सारखी, जगायचा, मोकळं राहायचा, सुख शोधायचा हक्क जन्माचाच. आणि लगेच दुसरं वाक्य फ्रेंचांच्या क्रांतीतलं.

"चोरलं होय?" मी म्हटलं.

"नो आजी! मुद्दाम. आता फ्रेंच कसे नाही म्हणणार? त्यांचंच वाक्य आहे."

हात्तिच्या! हे तर आमच्या गल्लीतल्या नळावर रोज व्हायचं. तुळसाबाई कुणाशी भांडायची तर शिवी नाही द्यायची. म्हणायची, "काल देवळात तूच बोललीस ना, पाणी देवाचं, सगळ्यांचं? मग सरक." समोरची बाई घागर उचलून बाजूला.

जुई इतकी हसली की सोफ्यावरून खाली. म्हणाली, हे मी निबंधात घालते.

रविवार, ५ ऑगस्ट

आज मधला भाग वाचून दाखवला. नुसते आरोप. त्यांनी शाळांपेक्षा तुरुंग जास्त बांधले. त्यांनी अफू दिली, दारू दिली. त्यांनी खाणी नेल्या, जंगलं नेली. शेवटी लाखो माणसं भुकेनं मेली. प्रत्येक वाक्य 'त्यांनी'पासून सुरू! मी जात्यावर बसल्यागत डोलायला लागले. जुई म्हणाली, हा लेखनाचा एक प्रकार आहे, त्यानं राग साठत जातो. ओवीला काय मी आज ओळखते? बायका त्यातनंच तर सासरचं सगळं बोलून घ्यायच्या.

संध्याकाळी भाजी चिरताना माझंही सुरू झालं. त्यांनी माझं पोळपाट-लाटणं वरच्या कपाटात टाकलं, पोळ्या दुकानातून येतात म्हणून. त्यांनी फोडणी करताना खिडकी उघडायला लावली, मग शेजाऱ्यांना वास जातो म्हणून फोडणीच बंद केली. त्यांनी माझ्या गोळ्या वारांच्या डबीत भरल्या, मला जसा वारच कळत नाही! त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "आईंचं काय, टीव्ही लावून दिला की झालं."

सुरी बोटाला लागली. तरी बरं वाटलं.

रविवार, १२ ऑगस्ट

अवोन्डेलच्या बाजारात जुईनं लानला विचारलंच. लान माझ्याएवढीच, मागंपुढं असेल. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोडक्या छत्रीसारखं — पण भागतं. तिनं पुदिन्याच्या जुड्या बांधायच्या थांबवल्या. म्हणाली, तिचा नवरा आठनऊ वर्षांचा होता, बापाच्या खांद्यावर बसून त्यानं तो जाहीरनामा प्रत्यक्ष ऐकला होता. जन्मभर ती गोष्ट सांगायचा. पुढं घरचे दक्षिणेत आले, तो सायगावात मास्तर झाला. पंचाहत्तर साली त्या पुढाऱ्याचीच माणसं जिंकून आली, आणि मास्तरला छावणीत नेलं. शिकवायला नाही, शिकायला! परत आला तो काठीसारखा होऊन. मग होडीतून पळाले.

"पेपर गुड," लान म्हणाली. "व्हेरी गुड. कंट्री फ्री. माय हजबंड नो फ्री."

जुईचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर सांगायला लागली. अमेरिकेच्या वाक्यात 'माणसं' होतं, एकेक माणूस. पुढारी त्यावर म्हणाला, ह्याचा अर्थ सगळे देशही सारखे. तिथं मोठी हुशारी आहे म्हणे, कारण त्यानं गुलाम देशांना हक्क आला. पण तिथंच एकेकटा माणूस मागं राहिला. पुढं सगळीकडे 'आम्ही, आमचे लोक'. त्या 'आम्ही'त लानचा नवरा होता का, हे कोण ठरवणार?

पुढं गाडी चालवणारा यशोधन म्हणाला, "आपण जाताना मॉलला थांबू या, आपल्याला सगळ्यांना चायनीज चालेल." सगळ्यांना! मला त्या नूडल्स पाहूनच मळमळतं. हे एक साधं घर, त्यातसुद्धा 'आपण'मध्ये मी नाही, मग देशाचं काय बोलायचं?

शुक्रवार, १७ ऑगस्ट

सापडलं! पंधरा ऑगस्टचा मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. यशोधननं कुर्ता घालून भाषण केलं. वृद्ध आईवडील परदेशात, ह्या विषयावर. म्हणाला, "आमची आई आमच्याकडे संपूर्ण स्वतंत्र आहे. तिच्या मनाविरुद्ध आम्ही काडी हलवत नाही." टाळ्या! एक बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "नशीब काढलंत हो काकू."

घरी येऊन जुईला म्हटलं, "मिळालं बघ मला पहिलं वाक्य."

पोरगी काय उड्या मारते! "आजी, यू आर डूइंग अ डिक्लरेशन!" मग मला शिकवायला बसली. आधी बाबाचं वाक्य. मग आरोप, सगळे नाही, पाचसहाच. आणि शेवट नीट. "आजी, त्यांनी शेवटी प्लीज म्हटलेलं नाही. आम्हाला स्वातंत्र्य द्या, असं कुठंच नाही. आम्हाला हक्क आहे, आणि आम्ही स्वतंत्र झालोच. सो नो आस्किंग. ओके?"

ओके. दोन सप्टेंबरलाच बोलायचं ठरलं. इथं त्या दिवशी 'फादर्स डे' आहे, सगळे जेवायला घरी असतात.

शनिवार, १ सप्टेंबर

लग्नात नाव घेतानासुद्धा एवढी घाबरले नव्हते.

रविवार, २ सप्टेंबर

बोलले.

वरणभात वाढून झाला. जुईनं बाबाला मोजे दिले, फोटो झाले. मी उभी राहिले. खुर्ची धरली.

"यशोधन, तू भर सभेत बोललास की आई संपूर्ण स्वतंत्र आहे, तिच्या मनाविरुद्ध काडी हलत नाही. चांगलं बोललास." त्याला वाटलं कौतुक चाललंय, हसला. मग मी एकेक काढलं. लाटणं. फोडणी. हॉटेलातली रात्र. गोळ्यांची डबी. आणि म्हटलं, "दिवाळीच्या आधी मी मिरजेला चालले. विचारत नाही, सांगतेय."

जुई टाळी वाजवायला लागली, बापाचं तोंड बघून थांबली.

वाटलं, आता चिडेल. अडवेल. रडेल तरी! तो आपला भाताकडे बघत म्हणाला, "अगं मग जा ना. आम्ही कुठं धरून ठेवलंय? दर वेळी तूच म्हणायचीस, तुम्ही म्हणाल तसं. आम्हाला वाटलं, जुईला सोडून तुझा पाय निघत नाही."

म्हणायचेच मी तसं! आमच्याकडं बाई तसंच म्हणते. त्याचा अर्थ पुन्हा विचार, दोनदा विचार, असा असतो. तो काय माझ्या पोटी जन्मून, मिरजेच्या मातीत खेळून हे विसरला? परक्यासारखं शब्दावर गेला!

एवढ्यावर संपलं नाही. विनयानं चमचा ठेवला. "आई, मीही बोलू? मी ह्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, सून नाही, ही माझी लेक. चांगलं बोललात." — माझीच चाल! — "मग तुम्ही माझे मसाल्याचे डबे हलवलेत. तुम्ही मी ऑफिसातून आले की आधी घड्याळाकडं बघता. तुम्ही माझ्यासमोर जुईला म्हणता, तुझ्या आईला कुठला वेळ तुझ्यासाठी. सात वर्षं मला माझं स्वयंपाकघर नाही, आई. लेकीला असं करतात?"

तुम्ही, तुम्ही, तुम्ही. तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप येतं होय ते?

कुणी जेवलं नाही.

सोमवार, ३ सप्टेंबर

जुईला विचारलं, "मग ह्यात मी कोण झाले गं?"

ती म्हणाली, "आजी... मेबी थोडीशी फ्रेंच."

मी! फ्रेंच!

गुरुवार, १३ सप्टेंबर

गणपती बसला. मोदक विनयानं केले. सगळे फुटले, सारण पाण्यात तरंगत होतं. मी बाहेर सोफ्यावर बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. कळी कशी चिमटायची हे सांगायला ओठावर आलेलं गिळलं. तिनंही विचारलं नाही. आरतीला दोघी शेजारी उभ्या, मधे एक माणूस मावेल एवढी जागा.

तिकीट आलं. मला वाटलं होतं, सीट नाही, सणाची गर्दी, काहीतरी निघेल. कसलं काय! विनयानं मोबाईलवर चहा गार व्हायच्या आत काढलं. खिडकीची जागा, मऊ जेवण, व्हीलचेअर. इतकं नीट केलंय की रागसुद्धा धड करता येईना.

जुईच्या निबंधाला 'एक्सलन्स' मिळालं, इथला सगळ्यात वरचा शेरा. लानच्या नवऱ्याचं लिहिलं ते बाईंना फार आवडलं, तुळसाबाईचा नळ पण! माझ्या नळाला न्यूझीलंडात पहिला नंबर! दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या पंजाब्यालाही. तो म्हणाला, "स्वीट ॲज, माँजी." इथं झकासला तसं म्हणतात.

शनिवार, २० ऑक्टोबर

विमानतळ. यशोधन वाकून पाया पडला आणि उठेचना. मी म्हटलं, "ऊठ, लोक बघतात." म्हणायचं दुसरंच होतं. विनयानं शाल नीट केली. जुई गळ्यात पडून म्हणाली, "आजी, यू वोन." पोरीचं नाक लाल झालेलं. मी जिंकले तर मग हरल्यासारखं का वाटत होतं? कुणी लढलंच नाही माझ्याशी. दार उघडंच होतं म्हणतात. उघड्या दाराच्या आत सात वर्षं बसले, हे कुणाला सांगू?

मिरज. मंगळवार, २३ ऑक्टोबर

कुलूप उघडलं. माझं घर. माझी न्हाणी. माझी फोडणी, खिडकी बंद करून! आता माझ्या मनासारखं उठायचं, मनासारखं निजायचं.

चहा उतरतोय तोवर वासंती आली, मागून तिची सून, कडेवर तान्हं. वासंती म्हणाली, "अक्का, बरं झालं आलीस बाई. हिची नोकरी लागलीय, सोमवारपासून ह्याला तुझ्याकडंच ठेवायचा. तुला सवय आहेच." आणि बाळ माझ्या मांडीत.

नाही म्हणायला तोंड उघडलं. तर त्यातनं निघालं, "ह्याच्या तेलाची वाटी कुठं आहे?"