शेवंताबाईंच्या फाइलमधली एक ओळ

६ जानेवारी, सोमवार
जयसिंगपूरहून गाडी उशिरा. शाहूपुरीत दवाखान्यात पोचले तर टेबलावर सात फायली. शेवटची शेवंताबाईंची, गडहिंग्लजकडच्या. गोठ्यात घसरून उजव्या कोपरावर पडल्या. एक्स-रेत दंडाचं हाड कोपराच्या वर मोडलेलं, आजाराचा कोड S42.4. डॉक्टर सरांनी केसपेपरवर तीनच शब्द लिहिलेत: पडली, कोपर, लेप. बाकीचं नेहमीसारखं रेकॉर्डवालीनं, म्हणजे मीच भरायचं. ‘आधीचे उपचार’ या रकान्यात लिहिलं : हाडवैद्याकडे घट्ट पट्टी. लेप म्हणजे हाडवैद्यच; त्या बाजूचे सगळे आधी तिकडेच जातात, विचारायला कशाला हवं! सरांनी न वाचता सही केली, प्लास्टर घातलं, रात्रीपुरतं वॉर्डात ठेवलं.

७ जानेवारी
सिस्टरची नोंद : काल संध्या. ७ पासून बोटांना मुंग्या, पेशंट रडते. प्लास्टर आज सकाळी दहाला कापलं. मधले पंधरा तास कोण कुठं होतं, देव जाणे. मी फक्त नोंद फाइलला लावली.

२० जानेवारी, सोमवार
शेवंताबाई तपासणीला आल्या. बोटं आत वळलीत, उघडत नाहीत. सर त्यांच्या मुलीला म्हणाले, “हाडवैद्यानं आवळून बांधलं, त्यानं झालं. फाइलमध्येच आहे.”
ती भडकली. “कुठला वैद्य ओ? आईनं घरात हळद लावलीती, आन् थेट हितं आलो की!”
सरांनी कागद तिच्यापुढं धरला. अक्षर माझं. मी दारातच उभी राहिले. लाज वाटली, स्वतःचीच.

२१ जाने.
सरांना सांगितलं, ती ओळ माझ्या मनाची आहे, मी विचारलंच नव्हतं.
“मग आता विचारू नका. गेलेली फाइल उकरायची नसते, मॅडम.”
यांना घरी सांगितलं. हे म्हणाले, तुझ्या लिहिण्यानं काही तिचा हात गेला नाही. बरोबर आहे. हात इथल्या आवळलेल्या प्लास्टरनं गेला. पण ते झाकलंय माझ्या ओळीनं.

२४ जाने., शुक्र.
शेवंताबाईंच्या मुलीचा फोन. तिच्या काकांनी कागदावर विश्वास ठेवला. गावातल्या म्हाताऱ्या हाडवैद्याच्या दारात जाऊन वाट्टेल ते बोलून आले. त्यानं बाईंच्या कोपराला हातही लावला नव्हता. “चुलता ऐकतच न्हाय. म्हनतोय, डाक्टरनं लिवलंय म्हंजे आईच लपवतीया.”
बाईंना घरच्यांनीच खोटं पाडलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

२७ जाने.
शेवंताबाई स्वतः आल्या. मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय, फाइलची प्रत पाहिजे. बसल्या, डाव्या हातानं पाणी प्यायल्या.
“म्हशीला माझाच हात ठाव हाय, बाई. सून धारंला बसली की म्हस दूध चोरतीया, सोडतच न्हाय.”
मग म्हणाल्या, “काय लिवलंय त्यात? वाचून दावा की.”
वाचलं. ती एक ओळ सोडून सगळं वाचलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. म्हणाल्या, “चांगलं लिवलंय.” प्रत शुक्रवारी देते म्हणाले. इतकी नीच मी कधी झाले?

२८ जाने.
जुनी ओळ वाचता येईल अशी एकच रेघ मारून खोडली. खाली लिहिलं : ‘पेशंट हाडवैद्याकडे गेलेली नाही. ही नोंद मी न विचारता केली होती. प्लास्टर इथेच घातले, बोटांची तक्रार त्याच संध्याकाळी.’ तारीख, सही. त्याआधी जुन्या पानाची झेरॉक्स काढून ठेवली. का, माहीत नाही. फाइल झेरॉक्ससकट सरांच्या टेबलावर ठेवली.

३० जानेवारी, गुरुवार
सरांनी बोलावलं. दुरुस्तीवर सही करणार नाहीत. “उद्या जुन्या पानाची प्रत द्यायची. एवढं जमत नसेल तर घरी बसा.” आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. यांना अजून सांगितलेलं नाही.
जुन्या पानाची झेरॉक्स आणि दुरुस्त पानाची प्रत, दोन्ही पिशवीत घालून घरी आणल्यात. मिरजेचा डॉक्टर यातली एक वाचून पुढचं ठरवणार. उद्या अकराला शेवंताबाई येतील. वाचून दाखवा म्हणाल्या, तर या वेळी सगळं वाचणार, सर समोर असले तरी.
आणि तसं म्हणाल्या नाहीत, प्रतीसाठी नुसता हात पुढं केला, तर यातली कुठली ठेवू त्यात?