चटणीची पुडी

मंगळवार, संध्याकाळ

वर्गात नवीन आलेल्या गौरीला शेंगदाण्याचा एक कण गेला तरी श्वास कोंडतो. म्हणून तिला डबा खायला खिडकीजवळ वेगळा बाक, सोबत एकच मैत्रीण. ती पल्लवी. माझी पल्लवी! मी बसले असते की! पण बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी शेंगाचटणी कुटतात, हातांना वास असतोच. तू नको."

कबूल. पण चार वर्षं माझ्या डब्यातली चटणी बोटानं पुसून खाणारी ही! आज मुद्दाम पुडी घेऊन तिच्याकडे गेले. दारातच म्हणाली, "नको गं, मी घरीपण सोडली. चुकून गौरीला त्रास झाला तर?"

माझ्यासाठी हिनं कधी काही सोडलंय?

घरी येऊन तीनदा साबणानं हात धुतले. तरी वास आहेच. पल्लवीला हाच वास लई आवडायचा.