मॅनेज, मी आणि लोखंडी कपाट

प्रिय ताई,

तुला साष्टांग नमस्कार (वाकता येत नाही म्हणून मनातल्या मनात). गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे खुशाल, फक्त माझी कंबर धरली आहे. तिचीच ही हकिकत.

'तुमच्याकडे कायमची राहायला येऊ का?' असं तू महिन्यापूर्वी विचारलंस आणि मी शहाण्याने उलट टपाली लिहिलं, 'बघू, मॅनेज करू.' त्यानंतर तुझं पत्र नाही. आणि गेल्याच आठवड्यात आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत मॅनेज हेच क्रियापद माझ्या टेबलावर यावं! मुळाशी गेलो तर निघाला लॅटिनमधला हात. इटालियन लोक घोड्याला हाताने वळण लावायचे, त्यावरून हा शब्द पुढे इंग्रजीत शिरला. म्हणजे त्यात आधी हात चालवायचा असतो, आणि मी नुसतं तोंड चालवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ.

म्हणून रविवारी तुझ्या खाटेसाठी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट बाहेर काढायला घेतलं. ही म्हणाली, हमाल बोलवा. मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. कपाट दारापर्यंत निमूट आलं आणि दारातच अडून बसलं. मी आत, ही बाहेर, मध्ये कपाट, असे दोन तास गेले (चहा वरच्या फटीतून मिळाला, अर्धा डोक्यावर). शेवटी शेजारचा सुतार आला. कपाट रिकामं केलंय का, एवढंच त्याने विचारलं. केलं नव्हतं. माझी वीस वर्षांची शब्दांची कार्डं आत, आणि किल्ली माझ्या खिशात. ती फटीतून बाहेर दिली, त्याने कार्डं उपसली, कपाट जरा तिरकं केलं आणि एकट्याने बाहेर नेलं. आता खोली इतकी ऐसपैस दिसते की मी उगाचच दोनदा जाऊन उभा राहिलो.

तुझा धाकटा

ता. क. खाट खिडकीशी लावली आहे. 'बघू' म्हणालो त्याची लाज वाटते, ताई. तू ये.

आणखी ता. क. (हिच्या अक्षरात) वन्सं, दोन तास नव्हे, चार. ती सगळी कार्डं तुमच्याच खाटेवर पसरली आहेत आणि हे कुणाला हात लावू देत नाहीत. तुमचं मात्र ऐकतील. तेव्हा लवकर या, आणि येताना कृपा करून तुमचं कपाट आणू नका.